लिहिलेलं कुठं आहे?

(कन्हान येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पऱ्हाटी पात्यावर आली आहे, ज्वारी पोटरीत आहे, आणि डुकरांच्या भीतीनं रात्रभर जागल करून तुम्ही सकाळी इथं येऊन बसला आहात. तेव्हा बोलायचं ते कामाचंच बोललं पाहिजे. विषय सांगितला तेव्हा मागं बसलेले दोघंतिघं हसले, ते आम्ही पाहिलं. कन्हानला बसून अमेरिका कशाला? चुकाऱ्याचं बोला, भावाचं बोला! तिकडंच यायचं आहे. वाट मात्र जरा लांबून जाते.

सुरुवात घरचीच करतो. आमच्यापैकी काही जणांची शेतं नदीच्या अंगाला आहेत. शेतांमधून घाटाकडं जाणारी एक वाट होती, बंडी जाईल एवढी. आजा त्या वाटेनं ढोरं पाण्यावर नेत होता, आज्याचा बापही नेत होता. मधल्या जमिनीचा सौदा झाला, नवा मालक आला आणि त्यानं तारेचं कुंपण घातलं. आम्ही कचेरीत गेलो. कोणत्या, ते विचारू नका. सगळ्या सारख्याच असतात. साहेब वाईट बोलले नाहीत. बसा म्हणाले, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लिहिलेलं कुठं आहे?" सातबाऱ्यावर वाट नव्हती. आमच्या हातातल्या नकाशावर नव्हती. आमच्याजवळ होती ती फक्त आठवण. आम्ही उठून आलो.

येताना एसटीत आमच्यातल्या एकानं विचारलं, जे कागदावर आहे ते पहिल्यांदा लिहिलं कुणी? आणि लिहिताना विचारलं कुणाला? या प्रश्नानं पाठ सोडली नाही. म्हणून नागपूरच्या राज्याचा इतिहास वाचायला घेतला आणि वाचता वाचता अमेरिकेत जाऊन पोचलो. कारण दोन्हीकडं समोर एकच असामी निघाली : ईस्ट इंडिया कंपनी.

आता तुम्ही चहा प्यालात. तिथूनच धरू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. बहुतेक माणसं शेतीवर जगणारी. प्रत्येक वसाहतीची स्वतःची निवडून आलेली सभा होती, आणि उत्तरेकडच्या गावांत तर गावसभा भरायची. रस्ता कुणी दुरुस्त करायचा, गावाचा कर किती, हे तिथं ठरायचं. सगळ्यांना मत नव्हतं. बायांना नव्हतं, गुलामांना नव्हतं, जमीन नसलेल्या बऱ्याच जणांना नव्हतं. पण कर बसवायचा तर आपल्या सभेनं बसवायचा, ही सवय शंभर-सव्वाशे वर्षांची झाली होती. १७६५ मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं त्यांच्या कागदपत्रांवर परस्पर स्टँपाचा कर लावला, तेव्हा माणसं खवळली ती या सवयीमुळं. तो कर पुढच्या वर्षी मागं घ्यावा लागला.

मग आला चहा. १७७० साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला, लाखोंनी माणसं मेली. कंपनी सारा वसूल करतच राहिली, तरीही दोन वर्षांत तिचं दिवाळं निघायची वेळ आली. १७७३ मध्ये इंग्रज सरकारनं तिला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि वखारीत तुंबलेला चीनचा चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. गंमत अशी की त्यामुळं अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता. फक्त पौंडामागं तीन पेन्सचा कर तसाच ठेवला होता. तरी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात माणसं जहाजावर चढली आणि ३४२ पेट्या चहा समुद्रात ओतला. त्यात चोरट्या चहाचा धंदा बुडेल म्हणून चिडलेले व्यापारीही होते, ते लपवायचं कारण नाही. पण स्वस्त माल घेऊन गप्प बसा, कर कुणी लावला ते विचारू नका, हा सौदा त्यांनी नाकारला. आपल्याकडं फुकट वाटपाच्या घोषणा ऐकताना हे आठवून पाहावं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सरकारनं बोस्टनचं बंदर बंद केलं. एप्रिल १७७५ मध्ये गोळीबार झाला, ४ जुलै १७७६ ला वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रजांच्या फौजेनं हत्यार टाकलं. त्या फौजेचा सेनापती होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. हे नाव शाळेत ऐकलं असेल. तिथं हरला आणि पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, आपल्याकडं गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९३ मध्ये त्यानंच बंगालात जमीनदारी कायम केली. अमेरिकेच्या शेतकऱ्यापुढं हरलेला माणूस बंगालच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर मालक बसवून गेला.

आता नागपूर. १८०३ मध्ये दुसऱ्या रघुजींचा अडगावला पराभव झाला, गाविलगड पडला, आणि डिसेंबरात देवगावचा तह झाला. त्या तहानं वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. आजही आपण वर्धेच्या अलीकडं आणि पलीकडं म्हणतो. ती रेघ त्या कागदावरची आहे. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च नागपूरच्या तिजोरीचा, म्हणजे आपल्या शेतसाऱ्याचा. वर्ष-दीड वर्षात आप्पासाहेबांना पश्चात्ताप झाला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, त्यात हार झाली. मग जादा इंग्रजी फौज आली आणि नागपूरच्या वेशीवर निकालाची लढाई झाली. ती तारीख होती १६ डिसेंबर १८१७. बोस्टनला चहा ओतला तीच तारीख, मधे ४४ वर्षं. तिथं कंपनीचा माल बुडाला, इथं कंपनीनं राज्य घेतलं.

का असं झालं, याचं उत्तर शौर्यात शोधू नये. सीताबर्डीला लढलेले काही कमी शूर नव्हते. अरब शिपायांनी तर त्यानंतरही डिसेंबरअखेरपर्यंत नागपूर शहर लढवलं. आम्हाला दिसतं ते असं : इथं करार झाला तो राजा आणि रेसिडेंट यांच्यात. तह मोडायचा की पाळायचा ते ठरलं वाड्यात. पाटनसावंगीच्या किंवा पारशिवनीच्या कास्तकाराला त्यात कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नसणार. वाडा पडला की राज्य पडलं. तिकडं लढाईत शहरं पडली तरी गावसभा उभ्या होत्या.

या पुलावरून पलीकडं पाहा, कामठी दिसते. १८२१ मध्ये कंपनीनं तिथं छावणी बसवली. नदीचं पाणी, मोकळं मैदान आणि नागपूर जवळ. राजा मायनर होता म्हणून रेसिडेंट जेंकिन्स यानं कारभार पाहिला, तो १८३० पर्यंत पुरता परत दिला गेला नाही. आणि ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारसाविना वारले, तेव्हा डलहौसीनं राज्यच खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, दागिने विकायला कलकत्त्याला गेले. हे सगळं शाळेत शिकवतात. एक गोष्ट शिकवत नाहीत. १८५४ च्या आरंभी नागपूर का घ्यावं याचं जे टिपण डलहौसीनं लिहिलं, त्यात कापूस आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस पाहिजे, चांगला आणि स्वस्त कापूस नागपूरच्या आणि निजामाच्या मुलखात पिकतो, तेव्हा हा मुलूख हातात असावा, असा त्याचा हिशेब आहे. वऱ्हाड तर सहा-सात महिने आधीच, मे १८५३ मध्ये, निजामाच्या कर्जापोटी लिहून घेतला होता. म्हणजे आपल्या बोंडाची किंमत सरकारी कागदावर पहिल्यांदा धरली गेली ती अशी. भाव द्यायला नव्हे, मुलूख घ्यायला.

आता कुणी म्हणेल, तुमचं अमेरिकेचं फार कौतुक चाललं आहे. थांबा. खरी गोष्ट तर पुढं आहे आणि ती कर्जाची आहे.

लढाई जिंकल्यावर अमेरिकेतला शेतकरी घरी परतला. सैनिक म्हणून त्याला पगार मिळाला होता तो रोख नव्हे, सरकारी वायद्याच्या चिठ्ठ्यांमध्ये. घरी तर जमीन पडीक, बियाणं नाही, दुकानदाराची उधारी. त्यानं त्या चिठ्ठ्या मिळेल त्या भावात विकल्या. रुपयाच्या चार आण्यालाही विकल्या म्हणा. घेतल्या बोस्टनच्या आणि आजूबाजूच्या पैसेवाल्यांनी. मग मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारनं ठरवलं की चिठ्ठ्यांचं देणं पूर्ण भावानं फेडायचं. त्यासाठी कर वाढवला आणि कर भरायचा चांदी-सोन्याच्या नाण्यात. नाणं खेड्यात होतं कुठं? म्हणजे ज्यानं रक्त सांडून चिठ्ठी मिळवली, पोटासाठी मातीमोल विकली, त्यानंच आता कर भरून त्या चिठ्ठीची पूर्ण किंमत दुसऱ्याला द्यायची. कर नाही भरला की कोर्ट, कोर्टातून जप्ती, ढोरं जप्त, जमीन लिलावात, नाहीतर तुरुंग. यातलं तुम्हाला काही नवीन वाटतं का?

गावसभांनी अर्जावर अर्ज पाठवले. बोस्टनमध्ये कुणी वाचले नाहीत. तेव्हा ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्थम्प्टन नावाच्या गावी शेकडो शेतकऱ्यांनी कोर्टच भरू दिलं नाही. कोर्ट बसलं नाही म्हणजे जप्तीचा हुकूम निघणार नाही, इतकं साधं गणित. पुढाऱ्यांपैकी एक होता डॅनियल शेज, स्वतः शेतकरी आणि लढाईतला माजी कॅप्टन. त्याच्या नावानं हे बंड ओळखलं जातं. २५ जानेवारी १७८७ ला बर्फात चालत ही माणसं स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर गेली. समोरून तोफ सुटली, चार शेतकरी मेले, बाकीचे पांगले. त्यांच्या पाठलागाला जी फौज गेली तिचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दिला होता.

बंड मोडलं. पण राज्याच्या निवडणुकीत त्याच वर्षी गव्हर्नर पडला, कर हलका झाला, आणि शेजला १७८८ मध्ये माफी मिळाली. इथंच गोष्ट संपती तर आम्ही ती टाळ्या घेऊन संपवली असती. संपली नाही. बंडाची धास्ती घेऊन बारा राज्यांतली मोठी माणसं मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमली. ५५ जण आले : मोठे जमीनमालक, वकील, व्यापारी. कर्जात बुडालेला शेतकरी त्यात नव्हता. दारं बंद करून चार महिने बसले आणि १७ सप्टेंबरला ३९ जणांनी राज्यघटनेवर सह्या केल्या. आज सगळं जग जिचं नाव घेतं ती हीच घटना. राष्ट्राध्यक्ष, दोन सभागृहं, न्यायालय, एकमेकांना अडवतील अशी सत्तेची वाटणी, हे सगळं त्यात आहे आणि ते हुशारीचं काम आहे. पण पहिल्या कलमाच्या पोटात एक बारीक ओळ आहे : कोणत्याही राज्यानं कागदी नोटा काढू नयेत आणि करारातलं बंधन सैल करणारा कायदा करू नये. म्हणजे कर्जदाराला सवलत देणारा कायदा राज्यांनी करायचाच नाही. शेतकऱ्यांनी कोर्ट बंद केलं, त्याला उत्तर म्हणून ही ओळ आली. आमच्या डोळ्यांपुढं पुणे-नगरकडचा १८७५ चा उठाव येतो. सुप्याला सावकारांचे कागद जाळले, आणि चार वर्षांनी इंग्रज सरकारला दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी दिलाशाचा कायदा करावा लागला. परक्या सरकारनं दिलासा लिहिला आणि स्वतःच्या सरकारनं मनाई लिहिली! इतिहास आपल्या सोयीनं वागत नाही.

मात्र एक झालं. कागद ३९ जणांनी लिहिला तरी तो तसाच लागू झाला नाही. प्रत्येक राज्यात लोकांनी निवडलेल्या सभेपुढं तो मंजुरीला ठेवावा लागला. मॅसॅच्युसेट्सची सभा १७८८ च्या जानेवारीत बसली, तिच्यात शेजच्या मुलखातले शेतकरीही निवडून आले होते. एमॉस सिंगलटरी नावाचा म्हातारा उठला. त्याचं म्हणणं असं की हे वकील आणि पैसेवाले गोड बोलून आम्हा लहान माणसांच्या गळी हे उतरवतील आणि मग आम्हालाच गिळतील. त्याला उत्तर द्यायला दुसरा शेतकरी उठला, जोनाथन स्मिथ. मी नांगरावर जगणारा माणूस आहे, म्हणाला. बेबंदशाही काय असते ते मी माझ्या गावात पाहिलं आहे. हा कागद मी स्वतः वाचला, मला तो चालेल. दोघंही शेतकरी, दोघांचीही मतं उलट, आणि दोघांचंही बोलणं नोंदून ठेवलेलं. आम्हाला या दोघांचा हेवा वाटतो. १८१६ चा तैनाती करार मंजूर करायचा की नाही यावर कळमेश्वरचा एक आणि मौद्याचा एक असे दोन कास्तकार भांडले असते तर?

शेवटी मतं पडली १८७ विरुद्ध १६८. एकोणीस मतांचा फरक. मान्यता देतानाच सभेनं लिहून दिलं की यात दुरुस्त्या पाहिजेत. दुसऱ्या राज्यांतूनही तोच रेटा आला. म्हणून १५ डिसेंबर १७९१ पासून पहिल्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या. सरकारनं काय करू नये त्याची ती यादी आहे. बोलण्यावर, छापण्यावर, शांतपणे जमण्यावर, गाऱ्हाणं मांडण्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं करू नये, वाजवी मोबदल्याशिवाय कुणाची मालमत्ता सार्वजनिक कामाला घेऊ नये, अशा गोष्टी. फिलाडेल्फियाच्या बंद खोलीत या ओळी लिहिल्या गेल्या नव्हत्या. खेड्यातल्या संशयी माणसांनी त्या लिहायला लावल्या.

आता डाग सांगितला पाहिजे. तो लहान नाही. त्याच घटनेत गुलामी शाबूत ठेवली होती. गुलामांना मत नाही, पण मालकांच्या राज्याच्या जागा वाढाव्यात म्हणून पाच गुलाम म्हणजे तीन माणसं अशी मोजणी केली. आणि १७९३ मध्ये व्हिटनी नावाच्या माणसानं रुई आणि सरकी वेगळी करायचं रेचाचं यंत्र काढलं. आपल्याला वाटेल, यंत्रानं गुलाम सुटले असतील. उलट झालं. रेचा झटपट झाल्यामुळं कापसाला मागणी अफाट वाढली, पेरा वाढला, वेचायला गुलाम आणखी वाढले, आणि नव्या कापसाच्या जमिनीसाठी तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकून लावलं. जो कापूस आपण वेचतो त्याचाच हा इतिहास आहे.

त्या न लिहिलेल्या गोष्टीचा हिशेब १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात चुकवावा लागला. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध थांबलं तसा भाव कोसळला. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, तेजी ओसरल्यावर. आपल्या भावाचा दोर दूरच्या कुठल्या खुंट्याला बांधलेला असतो ते आपल्या पणज्यांनी तेव्हाच पाहिलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाला तिकडचं काय घ्यायचं ते बरोबर कळलं होतं.

आता परत घरी. आपली घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. तिच्यात मूलभूत हक्क पहिल्या दिवसापासून आहेत. आपल्याला दहा ओळींसाठी भांडावं लागलं नाही. मतही सगळ्यांना मिळालं, बायांना आणि भूमिहीनांना एकाच दिवशी. हे अमेरिकेला जमलं नव्हतं आणि याची किंमत आपण कमी करू नये. पण पहिली दुरुस्ती तिकडं झाली ती सरकारचे हात बांधायला. इकडं पहिली दुरुस्ती १८ जून १९५१ ला झाली, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याआधी, हंगामी संसदेत, आणि तिनं सरकारचे हात मोकळे केले. त्या दुरुस्तीनं नववं परिशिष्ट आणलं. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्क मोडतो म्हणून कोर्टात जाता येणार नाही, असं कुलूप.

हे नुसतं सांगून आम्ही मोकळे झालो तर तुमची फसवणूक होईल. कारण त्या परिशिष्टात पहिल्या दिवशी जे तेरा कायदे घातले, त्यातला एक आपला आहे. १९५० चा मध्य प्रदेशचा मालगुजारी मोडणारा कायदा. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. १८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी पाटलाला, जो आधी सारा गोळा करणारा होता, गावाचा मालक करून टाकलं होतं, आणि कास्तकार झाला त्याचा कूळ, मौरूसी नाहीतर मामुली. १९५१ मध्ये ती मालगुजारी गेली. इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या सातबाऱ्याचं मूळ त्या कायद्यात आहे. तो कायदा चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही, म्हणूही शकणार नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. बिहारचा असाच कायदा पाटण्याच्या हायकोर्टानं रद्द केला होता. आपला कायदा नागपूरच्या हायकोर्टात गेला आणि तिथं टिकला. म्हणजे न्यायाधीशांनी उघड्या कोर्टात तपासून तो राखला. कुलपाशिवायही तो उभा होता. तरी कुलूप लागलं, आणि एकदा कुलूप करून ठेवलं की त्याच्या मागं काय काय ठेवतात ते पाहा. तेराचे २८४ झाले. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जीवनावश्यक वस्तूंचा कायदा त्यात गेला. धान्याचा साठा, भाव, लेव्ही, सगळं ज्या कायद्याच्या जोरावर चाललं तो. शेतकऱ्याला जमीन देणारा कायदा आणि शेतकऱ्याच्या मालाला हात घालू देणारा कायदा एकाच कपाटात. २००७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला की २४ एप्रिल १९७३ नंतर आत टाकलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीला धक्का देतात का, हे तपासता येईल. दार किलकिलं झालं. पण तपासायला कुणीतरी जावं लागतं, आणि गेलं की तोच प्रश्न येतो, लिहिलेलं कुठं आहे?

तर आता आमची वाट. एसटीतल्या त्या दिवसानंतर आमच्यातल्या एका म्हाताऱ्या माणसानं एक शब्द काढला : वाजिब-उल-अर्ज. विदर्भाबाहेरच्या शेतकऱ्याला हा शब्द सांगून पाहा, तो तोंडाकडं पाहील. बंदोबस्ताच्या वेळी गावच्या चालीरीती लिहून घेतल्या जात. पाणी कुणी कसं घ्यायचं, वहिवाट कुठून, मासे कुणी धरायचे, जळतण कुठून, चराई कुठं. गावातली माणसं सांगत, लिहिणारा लिहून घेई. मालगुजार कान देऊन बसलेला असे, हेही खरं. सगळंच खरं उतरलं असेल असं नाही. पण राजाच्या तहांच्या, रेसिडेंटच्या हुकमांच्या आणि डलहौसीच्या टिपणाच्या त्या सगळ्या ढिगात, गावाच्या तोंडचं म्हणून काही उतरलं असेल तर ते या कागदात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही तो आहे. कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज : खासगी जमिनीतून जाण्यायेण्याची आणि पाण्याची वहिवाट, मासे धरण्याचा हक्क. कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक : पडीक सरकारी जमिनीवरची चराई, जळतण, लाकूड. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्तार हा शब्द हक्क म्हणून छापलेला आहे.

आम्ही नक्कल मागितली. दोन वेळा रेकॉर्ड सापडत नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी सापडलं. कागद ठिसूळ, शब्द फारसी वळणाचे, अर्धी ओळ वाळवीनं खाल्लेली. पण उरलेल्या अर्ध्या ओळीत नदीच्या घाटावर ढोरं नेण्याची वाट आहे. ती नक्कल जोडून दावा दाखल केला आहे. मोजणी व्हायची आहे, कुंपण अजून तसंच आहे, आणि ढोरं सध्या दीड कोस फिरून पाण्यावर जातात.

अर्ज करताना मौज्याचं जुनं नाव आणि बंदोबस्त नंबर लिहा, नुसतं आजचं नाव लिहिलं तर सापडत नाही. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या दोन्हींच्या नकला वेगवेगळ्या मागा. अर्जाची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. ज्यांच्या गावची नक्कल निघेल त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन या. जुनं अक्षर वाचणारे दोघं जण त्या दिवशी सकाळी दहापासून इथंच बसतील.